डेन्मार्कच्या हाराल्ड राजाची अखेर

इ. स. 985 ते 987 या अवधीत केव्हातरी, बाल्टिक समुद्राच्या पश्चिम टोकाशी, डेन्मार्कच्या मुलखात एका वृद्ध राजाची फौज आणि त्याच्या कर्त्या पुत्राची फौज समोरासमोर उभ्या ठाकल्या. राजाचे नाव हाराल्ड, गॉर्म राजाचा मुलगा. पुत्राचे नाव स्वेन. पाव शतकाहून अधिक काळ ज्याने डेन लोकांवर राज्य केले, त्यांचे विखुरलेले प्रांत एका छत्राखाली आणले, त्यांच्या जुन्या देवांना निरोप देऊन त्यांना ख्रिस्ताच्या उपासनेला लावले आणि दक्षिणेच्या जर्मन सम्राटांशी कधी तह करून तर कधी तलवार उपसून आपल्या सरहद्दीचा बंदोबस्त राखला, त्या राजाला उतारवयात पोटच्या मुलाविरुद्ध शस्त्र धरावे लागले आणि परमुलखात, परधर्मीयांच्या आश्रयाला देह ठेवावा लागला. बापलेकांचे असे कलह उत्तर युरोपच्या इतिहासात पुष्कळ सापडतील. परंतु ज्याच्याविषयीचे कागद एकमेकांशी इतके भांडतात आणि ज्याच्याविषयी माती व लाकूड इतके स्पष्ट बोलतात, असा दुसरा प्रसंग मला तरी ठाऊक नाही. म्हणून या भांडणाकडे पाहताना कागदाआधी मातीकडे पाहिलेले बरे.

जटलंडच्या मध्यावर येलिंग नावाचे लहानसे गाव आहे. तेथील चर्चच्या दोन अंगांना मातीच्या दोन प्रचंड टेकड्या आहेत आणि चर्चपुढे दोन कोरीव पाषाण. त्यांतला धाकटा गॉर्म राजाने आपली पत्नी थीरा हिच्या स्मरणार्थ उभारलेला. त्यावरील रून लिपीतल्या लेखात ‘डेन्मार्क’ हे नाव त्या भूमीवर पहिल्यांदा उमटलेले दिसते. थोरला पाषाण हाराल्डचा. सुमारे दहा टन वजनाच्या, पुरुषाच्या डोक्याहून उंच अशा या तीन अंगांच्या धोंड्याच्या एका अंगावर मुख्य लेख, दुसऱ्यावर सर्पाने विळखा घातलेले एक मोठे श्वापद आणि तिसऱ्यावर बाहू पसरलेला ख्रिस्त आहे. मात्र क्रुसाचे लाकूड कोठेच नाही, वेलीच्या फांद्यांनीच तो जखडलेला आहे. लेखाचा आशय असा की, हाराल्ड राजाने हे स्मारक आपला पिता गॉर्म आणि माता थीरा यांच्यासाठी करविले. हाच तो हाराल्ड, ज्याने सारा डेन्मार्क व नॉर्वे आपलासा केला आणि डेनांना ख्रिस्ती केले. मातापित्यांचे नाव घेऊन होताच मुलाने उरलेला पाषाण स्वतःच्या कर्तृत्वाला दिला आहे. तो लेख म्हणजे श्राद्धही आहे आणि सनदही आहे.

उत्तरेकडील टेकडीच्या पोटात लाकडी फळ्यांची एक समाधी होती. तिचे लाकूड इ. स. 958-59 च्या सुमारास तोडलेले आहे, हे वृक्षांच्या वलयांवरून निश्चित झाले आहे. त्यामुळे गॉर्मच्या मृत्यूचा आणि हाराल्डच्या राज्यारोहणाचा काळही तोच धरला जातो. 1820 साली ती समाधी उघडली तेव्हा आत प्रेत नव्हते. पुढे 1970 नंतरच्या उत्खननात चर्चच्या जमिनीखाली एका प्रौढ पुरुषाच्या अस्थी मिळाल्या, आणि अनेक पंडितांचे मत असे पडले की, स्वतः ख्रिस्ती झाल्यावर हाराल्डने बापाच्या अस्थी टेकडीतून उचलून पवित्र केलेल्या भूमीत आणून ठेवल्या. हे अनुमान खरे असेल, तर हा पुत्र पित्याला मरणोत्तरही आपल्या नव्या धर्मात घेऊन आला, असे म्हणावे लागेल.

या धर्मांतराची कथा सॅक्सनीतील विडुकिंड या भिक्षूने घटनेनंतर काही थोड्याच वर्षांत लिहून ठेवली आहे. राजाच्या मेजवानीत वाद निघाला. ख्रिस्त हाही देवच, पण आमचे देव त्याहून थोर, असे डेनांचे म्हणणे पडले. पॉप्पो नावाचा धर्मोपदेशक म्हणाला, देव एकच. राजाने त्याला रात्रभर पहाऱ्यात ठेवले आणि सकाळी तापवून लाल केलेले लोखंड त्याच्या हाती दिले. पॉप्पोने ते राजा पुरे म्हणेपर्यंत धरून ठेवले व मग आपला अक्षत हात सर्वांना दाखवला. साधारण 965 च्या सुमारास घडलेल्या या धर्मांतरामागे तापलेल्या लोखंडाबरोबर सम्राट ओटोच्या तलवारीची धगही असली पाहिजे, यात शंका नाही. शेजारचा सम्राट धर्मप्रसाराच्या नावाने सरहद्द ओलांडण्याच्या तयारीत असता आपणच आधी दीक्षा घेतली तर त्याच्या हातचे निमित्त जाते, एवढे राजकारण हाराल्डला निश्चित कळत होते. तरीही त्याची श्रद्धा केवळ सोयीची होती असे मी म्हणणार नाही. नुसत्या सोयीसाठी घेतलेला धर्म कोणी आईबापांच्या स्मारकावर अशा रीतीने कोरत नाही.

पुढील वीस वर्षे सरहद्दीवर आणि समुद्रापलीकडे गेली. जटलंडच्या पायथ्याशी असलेली ‘डानेविर्के’ ही प्राचीन तटबंदी त्याने 968 च्या सुमारास वाढवली. 973 मध्ये थोरला ओटो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाशी, दुसऱ्या ओटोशी, युद्ध जुंपून हाराल्ड हरला. सरहद्दीचा मुलूख गेला. नॉर्वेत त्याने हाकोन नावाच्या सरदाराला हाताशी धरून आपला अंमल बसवला होता. पण हाकोनने कालांतराने खंडणी पाठवणे बंद केले आणि पाषाणावर कोरलेले ‘नॉर्वे’ हे नाव तेवढे उरले. मग 982 मध्ये दुसऱ्या ओटोचा इटलीत मोठा पराभव झाला, 983 च्या उन्हाळ्यात एल्ब नदीपलीकडचे स्लाव लोक सम्राटाविरुद्ध उठले, आणि ती संधी साधून डेनांनी आपली सरहद्द परत मिळवली. त्या स्लावांपैकी ओबोड्रिट जमातीचा राजा मिस्तिवोय हा हाराल्डचा सासरा. त्याची मुलगी तोवे हिने आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारलेला रूनपाषाण जटलंडमधील सेंडर विसिंग येथे आजही आहे व त्यावर ती स्वतःला हाराल्डची पत्नी म्हणवते. म्हातारपणी हाराल्ड स्लावांकडे का गेला, याचे उत्तर त्या पाषाणात आहे. तो वाट फुटेल तिकडे पळालेला नव्हता. तो सोयऱ्यांकडे गेला होता.

या सगळ्या धामधुमीत, साधारण 975 ते 981 या काळात, हाराल्डने आपल्या देशात जी बांधकामे काढली, ती पाहिल्यावाचून पुढचे बंड समजणार नाही.

झीलंड बेटाच्या पश्चिम भागात ट्रेलेबोर्ग नावाची गढी आहे. जमिनीवर एक अचूक वर्तुळ आखून त्यावर सुमारे पाच मीटर उंचीचा मातीचा व लाकडाचा तट घातलेला. आतला व्यास 136 मीटर. चार दिशांना चार दरवाजे. दरवाजे जोडणारे, लाकडी फळ्या अंथरलेले दोन रस्ते मध्यावर काटकोनात छेदलेले. आणि त्यामुळे पडलेल्या चार चौकांत प्रत्येकी चार अशी सोळा लांब घरे. या घरांच्या भिंती जहाजाच्या बाजूंसारख्या किंचित फुगीर आणि प्रत्येकाची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे साडेएकोणतीस मीटर, म्हणजे रोमन मापाचे शंभर फूट. ज्या देशात बहुतेक लोकांना अक्षरओळख नव्हती, त्या देशात कोणा स्थपतीने दोर आणि खुंट घेऊन हे वर्तुळ आखले आणि ते एकदाच आखले असे नाही. फ्यूनमध्ये नोनेबाकेन, उत्तर जटलंडमध्ये फिर्कात, लिम फ्योर्डच्या काठी आगेर्सबोर्ग आणि झीलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ 2014 साली उजेडात आलेला बोर्गरिंग, या साऱ्या गढ्या त्याच एका साच्याच्या. आगेर्सबोर्ग तर इतका विस्तीर्ण, की त्याचा आतला व्यास 240 मीटर आणि आत अठ्ठेचाळीस घरे. ट्रेलेबोर्गसाठी लागलेले वृक्ष 980 च्या शरद ऋतूपासून 981 च्या वसंतापर्यंतच्या काळात तोडले गेले. म्हणजे हुकूम सुटला, रानेच्या राने कुऱ्हाडीखाली आली, आणि थोड्याच काळात तट उभा राहिला.

त्याच सुमारास येलिंगच्या दक्षिणेला, वायले नदीच्या दलदलीच्या खोऱ्यावर, राव्हनिंग येथे एक पूल बांधला गेला. लांबी सुमारे 760 मीटर, रुंदी पाच मीटरांहून जास्त, खाली हजाराहून अधिक ओकचे खांब. दलदलीच्या चिखलात हे खांब एकेक करून ठोकताना किती माणसे कमरेपर्यंत थंडगार पाण्यात उभी राहिली असतील, याची कल्पना तो प्रदेश पाहिलेल्यालाच येईल. येलिंगभोवतीही त्याने लाकडी कोट घातला. प्रत्येक बाजू 360 मीटर, आत साडेबारा हेक्टर जमीन. आणि दोन टेकड्यांपैकी दक्षिणेची मोठी टेकडी, जिच्या पोटात कोणाचीही समाधी सापडली नाही, तीही त्याच्याच कारकीर्दीतली.

आता या बांधकामांतली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, त्यांची डागडुजी झालेली नाही. पुलाचे खांब बदललेले नाहीत. गढ्यांतील घरांचे कुजलेले लाकूड कोणी काढून नवे बसवलेले नाही. जमिनीत रोवलेले लाकूड तीसएक वर्षांत खराब होते. म्हणजे फार तर एका पिढीच्या आत, बहुधा काही वर्षांतच, हे सारे वैभव ओसाड पडले. पुष्कळ काळ विद्वानांची समजूत होती की, या गढ्या स्वेनच्या आहेत. इंग्लंडवर चाल करून जाण्यासाठी त्याने आपल्या सैनिकांना तेथे कवायत दिली असावी. ट्रेलेबोर्गचे उत्खनन 1934 ते 1942 या काळात झाले तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, हेच शिकवले जात होते. वृक्षवलयांच्या गणनेने ते मत उलथून टाकले. गढ्या बापाच्या निघाल्या. मुलाने त्या वापरल्याच नाहीत. इतकी वर्षे पित्याचे श्रेय पुत्राच्या खात्यावर जमा होत राहिले, ते लाकडाच्या साक्षीने परत फिरले.

या गढ्या कोणाच्या विरुद्ध होत्या? त्यांतल्या कित्येक सरहद्दीपासून दूर, देशाच्या अंतर्भागात, रस्त्यांच्या आणि जलमार्गांच्या नाक्यांवर आहेत. परकीयांना अडवण्यासाठीच त्या असत्या तर साऱ्या दक्षिणेला हव्या होत्या. ट्रेलेबोर्गच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांची परीक्षा झाली, तेव्हा त्यांतले बरेचसे तरुण पुरुष डेन्मार्कबाहेर, बहुधा नॉर्वेत किंवा स्लाव मुलखात वाढलेले होते, असे दिसून आले. म्हणजे राजाने परक्या शिबंदीच्या बळावर आपल्याच प्रजेवर नजर ठेवली. ज्या सरदारांची घराणी गॉर्मच्या घराण्याइतकीच जुनी होती, ज्यांना आपल्या पंचक्रोशीत कोणापुढे मान लववण्याची सवय नव्हती, त्यांच्या उशाशी राजाने एक वर्तुळाकार तट आणून उभा केला, त्यांच्या रानातले ओक तोडले, त्यांच्या रयतेला वेठीला धरले, त्यांच्या धान्यातून त्या परक्या शिबंदीला रसद पुरवली आणि वर त्यांचे देवही काढून घेतले. माझ्या मते स्वेनच्या बंडाचे खरे कारण हे आहे. पुत्राची राज्यतृष्णा हे निमित्त. त्या तृष्णेला फौज पुरवली ती या असंतोषाने.

स्वेनविषयी त्याच्या तारुण्यातले विश्वसनीय असे फारच थोडे कळते. पुढे लोक त्याला दुभंगलेल्या दाढीचा म्हणू लागले. योम्सच्या वीरांच्या आइसलंडी सागेत तो हाराल्डचा दासीपुत्र म्हणून येतो. बाप त्याला ओळख देत नाही, पाल्नाटोके नावाचा फ्यूनचा मातब्बर सरदार त्याचा सांभाळ करतो आणि मोठा झाल्यावर तो बापाकडे जहाजे मागतो व बापाच्याच मुलखात लुटालूट करतो. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्याला सागा कशा वाचाव्यात हे निराळे सांगायला नको. घटनेनंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, ऐकीव गोष्टींवरून, श्रोत्यांच्या रुचीसाठी लिहिलेली ती कथा आहे; तिच्यातली माणसे खरी आणि संवाद कल्पित. स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहिलेल्या नॉर्वेच्या राजांच्या इतिहासात मागणी अधिक सरळ आहे. स्वेन राज्याचा वाटा मागतो; हाराल्ड डेन्मार्कची वाटणी करायला नकार देतो. हे मला पटते. ज्याने आयुष्यभर तुकडे जोडले, तो म्हातारपणी पुन्हा तुकडे करायला राजी होणार नाही.

बंडाचा आरंभ सॅक्सो ग्रामाटिकस या डेन इतिहासकाराने 1200 च्या सुमारास मोठ्या नाट्यमय रीतीने सांगितला आहे. हाराल्डला जटलंडच्या किनाऱ्यावर एक अजस्र धोंडा आढळला आणि तो आईच्या समाधीवर नेऊन बसवावा असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दोरांना बैल जुंपले आणि बैलांबरोबर माणसेही जुंपली. माणसे ओढत होती, राजा बाजूला उभा राहून पाहत होता. तेवढ्यात आरमाराकडून एक इसम तेथे आला. राजाने मोठ्या अभिमानाने त्याला विचारले, माणसांच्या हातांनी एवढे ओझे हललेले तू कधी पाहिले आहेस काय? त्या इसमाने उत्तर दिले की, याहून जड ओझे हलताना आपण नुकतेच पाहून आलो. महाराजांच्या हातून डेन्मार्क ओढून नेत होते, त्या ठिकाणी आपण होतो. तिकडे आरमाराने स्वेनला राजा म्हणून उचलून धरले होते. ही कथा सॅक्सोच्या प्रतिभेतली असो वा लोकांच्या तोंडची, तिच्यात एक सत्य आहे. जुवाखाली मान दिलेल्या माणसांनी बंड केले, ही आठवण दोनशे वर्षांनंतरही डेन लोकांत जिवंत होती.

सॅक्सोच्या कथनानुसार हाराल्ड समुद्रावर हरला, झीलंडला पळाला आणि तेथून ओडर नदीच्या मुखाशी असलेल्या स्लाव बंदराला गेला. याच बंदराला कोणी युम्ने म्हणतो, कोणी योम्सबोर्ग. आजच्या पोलंडमधील वोलिन ते हेच, असे बहुतेकांचे मत आहे. व्यापाराने गजबजलेले, नाना जमातींचे आणि भाषांचे ते शहर. तेथे डेन योद्ध्यांची वस्तीही होती. तेथून वृद्ध राजा डेन आणि स्लाव अशी मिश्र फौज घेऊन जटलंडला परतला. दिवसभर लढाई चालली आणि कोणाचीच सरशी होईना. दोन्ही बाजूंना एकाच घरातले लोक, एकाच गावचे लोक होते. रात्र पडल्यावर दोन्ही छावण्यांतून सल्लामसलत सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी तहाची बोलणी करायचे ठरले.

तो तह झाला नाही. बोलणी चालू असता हाराल्ड सहज रानात शिरला आणि झुडपाआड देहधर्मासाठी बसला, तेव्हा टोको नावाच्या तिरंदाजाने बाण सोडून त्याला घायाळ केले. सागेत हाच टोको पाल्नाटोके म्हणून येतो आणि तेथे राजा शेकोटीशी अंग शेकत वाकलेला असता त्याला बाण लागतो. या टोकोचे राजाशी जुने वैर होते व त्याची हकीकत सॅक्सोने आधीच सांगितली आहे. टोको हाराल्डच्या पदरी होता आणि मद्याच्या भरात आपल्या नेमबाजीची बढाई मारून बसला. राजाने ते शब्द पकडून हुकूम केला की, त्याच्याच मुलाच्या डोक्यावर सफरचंद ठेवून पहिल्याच बाणात ते उडवावे. बाण चुकला तर टोकोचे शिर जाईल. टोकोने मुलाला स्थिर उभे राहायला सांगितले, त्याची मान दुसरीकडे फिरवली, भात्यातून तीन बाण काढले आणि पहिल्याच बाणाने फळ पाडले. उरलेले दोन कशासाठी, असे राजाने विचारले. तेव्हा तो म्हणाला की, पहिला चुकला असता तर ते तुमच्यासाठी होते. आपल्या शाळांतून विल्यम टेलची म्हणून जी गोष्ट मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, ती स्वित्झर्लंडमध्ये लेखनात उतरली पंधराव्या शतकात. सॅक्सोने ती त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे हाराल्डच्या दरबारातली म्हणून नोंदवली. सत्याचा अंश तिच्यात किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु आपल्या मुलाशी लढायला आलेला राजा दुसऱ्याच्या मुलाचा जीव पणाला लावल्याबद्दल त्या बापाच्या बाणाने मरतो, ही रचना ज्याने केली त्याला या प्रसंगाचे मर्म कळले होते.

ब्रेमेनचा ॲडम याने साधारण 1070 नंतरच्या काही वर्षांत, म्हणजे घटनेपासून शतकभरातच, जी हकीकत लिहिली ती याहून साधी आहे. स्वेनने बापाविरुद्ध उठाव केला, हाराल्ड लढाईत जखमी झाला, जहाजात बसून युम्नेला पोचला, स्लाव मूर्तिपूजक असूनही त्यांनी त्याला अनपेक्षित आपुलकीने ठेवून घेतले आणि काही दिवसांनी, सर्व संतांच्या सणाला, म्हणजे 1 नोव्हेंबरला, तो वारला. त्याच्या लोकांनी देह रोस्किल्ड येथे नेऊन त्याने स्वतः बांधलेल्या पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये पुरला. ॲडमच्या लेखी हाराल्ड हुतात्मा आहे आणि स्वेन धर्मद्रोही. याउलट 1041-42 च्या सुमारास फ्लँडर्समध्ये एमा राणीसाठी लिहिलेल्या प्रशस्तीत दोष सगळा बापाचा. मुलाची वाढती कीर्ती पाहून पित्याला मत्सर वाटू लागला, त्याने त्याला वारशापासून दूर सारायचे मनात आणले आणि सैन्याने न्यायाने मुलाचा पक्ष घेतला. एमा ही स्वेनच्या मुलाची, क्नूटची, विधवा. तिच्या लेखकाने सासऱ्याचा कैवार घेतला नसता तरच नवल. स्नोरीकडे तर निकालच उलटा आहे. तेथे इसेफ्योर्डच्या लढाईत हाराल्ड जिंकतो, स्वेन पळतो. पण विजयी राजालाच त्या लढाईत प्राणघातक जखम होते.

ॲडमने या कलहाला जुन्या धर्माचे बंड ठरवले, ते मात्र मी मानीत नाही. स्वेनने देवळे पुन्हा उभारली नाहीत. 995 च्या सुमारास त्याने पाडलेल्या नाण्यांवर डेनांचा राजा म्हणून त्याचे नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला क्रूस. त्याचा खरा अपराध निराळा होता. हाराल्डच्या काळी डेन्मार्कची चर्चे हाम्बुर्ग-ब्रेमेनच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होती. स्वेनने इंग्लंडमधून धर्मगुरू आणले. ज्या पीठाचे दफ्तर ॲडम लिहीत होता त्या पीठाचा हक्क त्याने डावलला आणि त्या पीठाने त्याला आपल्या ग्रंथात धर्मद्रोही करून टाकले. इंग्लंडकडे डोळे लागलेल्या राजाने जर्मन सम्राटाच्या धर्मपीठाला घरात येऊ न देणे हे मुत्सद्देगिरीचे होते, आणि त्या एका बाबतीत पुत्र पित्याहून स्वतंत्र निघाला, असे मला वाटते.

हाराल्ड गेल्यावर गढ्यांचे दरवाजे उघडे पडले, पूल चिखलात बसत गेला. जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर 2018 साली एका हौशी संशोधकाला आणि तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला पुरलेल्या चांदीचा मागमूस लागला. उत्खननात सुमारे सहाशे नाणी निघाली, त्यांत शंभराहून अधिक हाराल्डच्या राजवटीतली, आणि सगळ्यांत अलीकडचे नाणे 983 च्या सुमाराचे. ते धन हाराल्डच्या पलायनाच्या धांदलीत कोणा सोबत्याने पुरले असावे, हे अनुमान आहे. पण काळ आणि वाट दोन्ही जुळतात. ‘निळ्या दाताचा’ हे हाराल्डचे प्रसिद्ध उपनाव त्याच्या मृत्यूनंतर दीडएक शतकाने, 1140 च्या सुमारास, रोस्किल्डच्या वृत्तांतात प्रथम दिसते. आज जगभरच्या दूरध्वनियंत्रांत ‘ब्लूटूथ’ म्हणून ते नाव आहे आणि त्या खुणेतली दोन अक्षरे त्याच्या आद्याक्षरांची रून लिपीतली रूपे आहेत.

स्वेनने बापाच्या गढ्या टाकून दिल्या, पण बापाने जोडलेला देश मोडला नाही; ज्या वाटणीसाठी तो भांडला असे स्नोरी म्हणतो, ती वाटणी स्वतः राजा झाल्यावर त्याने कोणाला दिली नाही. हाराल्डने सरदारांना वेठीला धरून जे राज्य घडवले, त्याच सरदारांना स्वेनने जहाजांत बसवून इंग्लंडच्या खंडणीवर नेले, आणि घरचा असंतोष समुद्रापार रिकामा केला. 994 मध्ये त्याने लंडनवर चाल केली. 1013 मध्ये साऱ्या इंग्लंडने त्याला राजा मानले. 3 फेब्रुवारी 1014 रोजी गेन्सबरो येथे तो एकाएकी वारला. त्याचा मुलगा क्नूट 1016 मध्ये इंग्लंडचा आणि पुढे डेन्मार्क व नॉर्वेचाही स्वामी झाला. क्नूटची संतती लवकरच खुंटली, आणि राज्य त्याची बहीण एस्ट्रिड हिचा मुलगा स्वेन याच्याकडे आले. ब्रेमेनच्या ॲडमने आपल्या ग्रंथासाठी उत्तरेची पुष्कळशी माहिती ज्याच्या तोंडून घेतली तो हाच राजा, बंडखोर पुत्राचा नातू. डेन्मार्कचे आजचे राजघराणे आपली वंशावळ गॉर्म आणि हाराल्डपर्यंत नेते, ती याच नातवाच्या, आणि म्हणून बापावर शस्त्र धरणाऱ्या स्वेनच्याच मार्गाने.